ताप उतरला, पुढे काय?

एखादा माणूस मोठ्या दुखण्यातून उठला की आपण म्हणतो, ‘सुटला बुवा एकदाचा!’ पण ताप उतरला म्हणजे दुखणे संपलेच, असे नाही. इबोला या रक्तस्रावी तापाने ही गोष्ट जगाला शिकविली.

हा रोग १९७६ साली आफ्रिकेत प्रथम ओळखला गेला. पुढे २०१४ ते २०१६ या काळात गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या देशांत त्याची भयंकर साथ आली. २८,६०० हून अधिक लोक आजारी पडले. त्यांपैकी ११,३०० हून अधिक दगावले. बाकीचे हजारो लोक घरी परतले.

त्या वेळी खात्रीचे औषध हाती नव्हते. मग हे लोक वाचले कसे? शरीर अशा वेळी दोन प्रकारचे शिपाई उभे करते. एक म्हणजे प्रतिपिंडे. ती विषाणूला चिकटतात आणि त्याला पेशीत शिरू देत नाहीत. दुसऱ्या मारक पेशी. विषाणू ज्या पेशीत शिरला, ती पेशीच त्या नष्ट करतात. हे सैन्य वेळेवर उभे राहिले तर रोगी तगण्याची आशा वाढते. १९७६ च्या साथीतून वाचलेल्या काहींच्या रक्तात तर चाळीस वर्षांनंतरही प्रतिपिंडे आढळली.

मग दुखणे मागे का रेंगाळते? डोळ्याचा आतला भाग, मेंदू आणि पुरुषाचे वृषण ही फार नाजूक ठिकाणे. तिथे मोठी झटापट झाली तर अवयवच निकामी व्हायचा. म्हणून या शिपायांना तिथे मोकळीक कमी असते. विषाणू नेमका तिथेच दडी मारतो. २०१४ साली बऱ्या झालेल्या एका अमेरिकन डॉक्टरांच्या डोळ्यात पुढे दोनएक महिन्यांनी जिवंत विषाणू सापडला. रक्तात मात्र तो नव्हता. शिवाय विषाणू गेल्यावरही शरीरातला दाह कधीकधी धुमसत राहतो. वाचलेल्या अनेकांना सांधेदुखी, थकवा, डोकेदुखी, अंधुक दिसणे, विसरभोळेपणा यांचा त्रास झाला. डोळ्याच्या दाहावर वेळीच उपचार झाले नाहीत, तर दृष्टी जाण्याचा धोका असतो.

वीर्यात हा विषाणू काहींच्या बाबतीत वर्षाहून अधिक काळ आढळला. २०२१ साली गिनीत पुन्हा साथ आली. तपासणीत त्या विषाणूचे जुन्या साथीतल्या विषाणूशी अगदी जवळचे नाते निघाले. म्हणजे तो मधली वर्षे बऱ्या झालेल्या कुणाच्या तरी शरीरात दडून राहिला असावा.

हे ऐकून कुणी म्हणेल, ‘मग या लोकांना लांबच ठेवावे.’ नाही! तिथे तसेच झाले; कित्येकांचे काम गेले, घर सुटले. वास्तविक बऱ्या झालेल्या माणसाशेजारी बसल्याने, त्याच्या पंक्तीला जेवल्याने किंवा त्याचा हात हाती घेतल्याने हा रोग लागत नाही. पुरुषांनी वीर्याची तपासणी करून घ्यावी आणि ती निर्दोष ठरेपर्यंत संबंधात काळजी घ्यावी, एवढेच पथ्य.

शिक्षकांनी वर्गात एवढे जरूर सांगावे की, दुखण्यातून उठलेल्या माणसाला पुढेही डॉक्टर लागतो, आणि शेजारीही लागतो.