एक सैन्य, दोन सेनापती: टेबलावरच्या प्राचीन लढायांची ‘डबल्स’ स्पर्धा असते तरी कशी?

इ.स.पू. २१६. इटलीतल्या कॅनी गावाजवळ हॅनिबलच्या समोर रोमचं अवाढव्य सैन्य उभं होतं. पण या सैन्याला सेनापती होते दोन, वॅरो आणि पॉलस. दोघेही त्या वर्षीचे कॉन्सल आणि दोघांचा अधिकार सारखाच. त्यामुळे एक दिवस हुकूम याचा, दुसऱ्या दिवशी त्याचा, अशी पाळी ठरलेली.

इतिहासकार पॉलिबियस सांगतो की मोकळ्या मैदानात लढणं पॉलसला पसंत नव्हतं, वॅरो मात्र उतावीळ होता आणि नेमकी त्या दिवशी पाळी वॅरोची होती. (पॉलिबियसची ऊठबस पॉलसच्या नातवाकडे होती, त्यामुळे सगळं खापर वॅरोवर फुटलं यात फार नवल नाही.) दिवस मावळेपर्यंत रोमन सैन्य चहूबाजूंनी वेढलं जाऊन कापलं गेलं. पॉलस मारला गेला, वॅरो निसटला.

आता हीच भानगड कुणी हौसेने, सुट्टीच्या दिवशी, टेबलाभोवती उभं राहून करत असेल तर? करतात. त्याला म्हणतात प्राचीन काळातल्या मिनिएचर वॉरगेमिंगची डबल्स स्पर्धा.

आधी खेळ काय आहे ते बघू

टेबलावर युद्ध खेळण्याची कल्पना जुनी आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी ‘क्रीगश्पील’ वापरलं जायचं. १९१३ मध्ये एच. जी. वेल्सने, म्हणजे ‘टाइम मशीन’ लिहिणाऱ्यानेच, खेळण्यातल्या शिपायांसाठी नियमांचं पुस्तक लिहिलं. पुढे ब्रिटनमध्ये प्राचीन युद्धांचं वेड असलेली मंडळी एकत्र आली. १९६५ मध्ये ‘सोसायटी ऑफ एन्शंट्स’ सुरू झाली आणि १९९० मध्ये फिल बार्करचा ‘डीबीए’ हा छोटा, सुटसुटीत नियमसंच आला.

डीबीएमध्ये एका बाजूला फक्त १२ तुकड्या असतात. एक तुकडी म्हणजे एका आयताकृती तळावर चिकटवलेले दोन-चार रंगवलेले शिपाई, किंवा एखादा हत्ती. १५ मिलिमीटर मापाच्या बाहुल्यांसाठी हा तळ ४० मिलिमीटर रुंद असतो. चौकटी वगैरे काही नसतात. अंतर पट्टीने मोजायचं.

खरी गंमत हुकमात आहे. आपली पाळी आली की एक फासा टाकायचा. जितके ठिपके पडतील तितके हुकूम. एका हुकमात एक तुकडी हलते, किंवा एकमेकींना चिकटून सरळ रांगेत उभा असलेला अख्खा गट हलतो. एक पडला तर तेवढ्यावरच भागवायचं. रांग फुटली की खर्च वाढतो, कारण जिथे एक हुकूम पुरत होता तिथे आता तीन लागतात. खऱ्या सेनापतीचंही हेच दुखणं असायचं. माणसं भरपूर, पण सगळ्यांपर्यंत निरोप पोचणार कसा?

मग डबल्समध्ये वेगळं काय?

डीबीएचंच ‘बिग बॅटल’ नावाचं मोठं रूप आहे. त्यात एका बाजूला १२ ऐवजी ३६ तुकड्या आणि त्यांचे तीन विभाग. अमेरिकेत ‘हिस्टोरिकॉन’सारख्या संमेलनांत याच्या डबल्स स्पर्धा झाल्या आहेत. दोन खेळाडू मिळून एक सैन्य चालवतात. तीन विभाग आणि माणसं दोन, त्यामुळे एकाच्या वाट्याला दोन विभाग येतात. पहिली वाटाघाटी तिथेच सुरू होते.

दुसरी फाशांवरून. काही नियमसंचांत कुठला फासा कुठल्या विभागाचा हे सुरुवातीलाच ठरून जातं. काहींत मात्र फासे टाकल्यावर मुख्य सेनापती वाटणी करतो. समजा ६, ३ आणि १ पडले. सहा कुणाला? डावीकडे जोडीदाराचे घोडेस्वार शत्रूच्या बगलेवर पोचत आलेत आणि उजवीकडे आपलीच रांग फुटायला आली आहे. सहा स्वतःला ठेवला तर जोडीदाराचा हल्ला एका हुकमावर लटकतो. त्याला दिला तर आपली बाजू पडते. बॅडमिंटनच्या डबल्समध्ये शटल दोघांच्या मधोमध येतं तेव्हा जो घोळ होतो, तो इथे प्रत्येक पाळीला होतो. फरक इतकाच की इथे विचार करायला वेळ असतो, त्यामुळे घोळ जास्त शिस्तीत होतो.

आणि बोलायचं कसं? जोडीदाराला काही सांगावं तर समोरचे दोघे टेबलापलीकडे हातभर अंतरावर उभे. म्हणून मुरलेल्या जोड्या बरंचसं आधीच ठरवून ठेवतात: कुठल्या टोकाने लढायचं, कुठल्या टोकाने नुसतं तंगवत ठेवायचं. ज्याच्याकडे तंगवत ठेवायचं काम येतं त्याचं काम जास्त अवघड. तीन तास मागे सरकत राहायचं, मोह आवरायचा आणि टाळ्या जोडीदाराला मिळू द्यायच्या.

मोह आवरला नाही तर काय होतं त्याचंही उदाहरण इतिहासात आहे. इ.स.पू. २१७, रफियाची लढाई. एका बाजूला सीरियाचा अँटायोकस तिसरा, दुसऱ्या बाजूला इजिप्तचा टॉलेमी चौथा. पॉलिबियसच्या हिशेबाने अँटायोकसकडे १०२ भारतीय हत्ती, टॉलेमीकडे ७३ आफ्रिकी. अँटायोकसने आपल्या टोकाला समोरच्यांना उधळून लावलं आणि त्यांच्या मागे धावत सुटला. तिकडे मधल्या फळीत त्याचं पायदळ मोडलं. तो परतेपर्यंत लढाई हातची गेली होती. डबल्समध्ये असा अँटायोकस हमखास भेटतो. त्याची बाजू जिंकलेली असते आणि निकालाच्या कागदावर मात्र हार.

हत्ती घ्यावेत का?

भारतीय वाचकाला हा प्रश्न पडणारच. डीबीएचे सैन्यतक्ते साधारण इ.स.पू. ३००० ते इ.स. १५०० या काळातले आहेत आणि त्यात हत्ती, रथ, धनुर्धारी असलेलं प्राचीन भारतीय सैन्यही आहे. मराठे मात्र मिळणार नाहीत. शिवाजी महाराजांचा काळ या मर्यादेच्या पुढचा, त्यासाठी वेगळे नियम लागतात.

हत्ती दिसायला जबरदस्त, पण हलवायला महाग. त्यांना जादा हुकूम लागतो. चिलखती घोडेस्वार हत्तीसमोर हरले की थेट नष्ट होतात. पण साधे भालेफेके, ज्यांची ताकद कागदावर निम्मी, ते जिंकले तर हत्तीच नष्ट. मग शहाणा प्रतिस्पर्धी काय करतो? आपले घोडेस्वार काढून घेतो आणि भालेफेके पुढे सरकवतो. अशा वेळी हत्ती एकाकडे आणि त्यांना झाकणारं हलकं पायदळ दुसऱ्याकडे अशी वाटणी झाली असेल तर जोडी अडकते. हत्तीवाल्याला मदत हवी असते आणि जोडीदाराच्या फाशावर पडलेला असतो एक.

स्पर्धेत सहसा जिंकलेल्या जोडीची पुढची गाठ जिंकलेल्या जोडीशी घालतात, त्यामुळे हरणारेही बाहेर जात नाहीत, दिवसभर खेळत राहतात. डाव वेळेला बांधलेला असतो. दोघांनी चर्चेत वेळ घालवला तर लढाई अर्धवट राहते आणि गुण कमी पडतात.

करून बघायचं असेल तर रंगवलेलं सैन्य लगेच विकत घ्यायची गरज नाही. पुठ्ठ्याचे ४० मिलिमीटर रुंद तुकडे कापा, त्यावर ‘हत्ती’, ‘घोडेस्वार’, ‘भालेफेके’ असं लिहा, तीन फासे आणि एक पट्टी घ्या. चार जण हवेत. आणि सहाचा फासा कुणी ठेवायचा, हे खेळ सुरू व्हायच्या आधी ठरवा.