अढीतला सेकेल

पेअर आतून पिकत येतो. गाभ्याजवळचा गर आधी मऊ होतो आणि तो मऊपणा सालीपर्यंत पोचेतो आतला भाग तपकिरी पडून भुसभुशीत झालेला असतो. वरून टवटवीत दिसणारा पेअर कापावा आणि आत खराब निघावा, हा अनुभव बहुतेकांनी घेतलेला असेल. म्हणून तो झाडावर पिकायची वाट बघायची नाही. तयार झाला की कच्चाच उतरवायचा आणि घरात पिकवायचा. आमच्या परसातल्या सेकेल जातीच्या पेअरला या नियमातून थोडी सूट आहे, झाडावर पिकलेलाही गोड लागतो. पण चार दिवस इकडेतिकडे झाले की तोही दगा देतो, शिवाय खारी टपलेल्या असतातच.

सेकेल मूळचा इथलाच. फिलाडेल्फियाच्या दक्षिणेला, डेलावेअर नदीकाठच्या सखल जमिनीत अठराव्या शतकाच्या अखेरीला त्याचं पहिलं झाड लोकांना माहीत झालं. गोष्ट अशी सांगतात, की डच जेकब नावाचा एक शिकारी दर हंगामात ही फळं आणून ओळखीपाळखीत वाटायचा, पण झाडाचा पत्ता काही सांगायचा नाही. पुढे ती जमीन सेकेल नावाच्या गृहस्थाकडे आली आणि फळाला त्याचं नाव लागलं. न्यू जर्सीच्या विल्यम कॉक्सने 1817 साली फळझाडांवर पुस्तक लिहिलं, त्यात सेकेलची वाखाणणी आहे. 1819 मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. हॉसॅकने याची झाडं लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीला पाठवली. पेअरची बी लावली तर मूळ गुणाचं फळ येत नाही, त्यामुळे आजचं प्रत्येक सेकेल हे त्या नदीकाठच्या झाडाचंच कलम, कलमाचं कलम. आमचं घर तिथून गाडीने तासाभराच्या आत आहे. म्हणजे झाड फार लांब आलेलं नाही.

एवढं नाव असूनही दुकानात तो क्वचित दिसतो. फळ जेमतेम दोन घासांचं. तोडणाऱ्याला एका फळामागे कष्ट तेवढेच आणि पेटीत वजन मात्र कमी, मग बागायतदार बार्टलेट जातीचा पेअर लावतो. मला यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही. घरच्या झाडाला वजनकाटा लावायचा नसतो.

एप्रिलमध्ये झाड पांढरंशुभ्र होतं. फुलात नाक घालू नये, वास थेट मासळीचा येतो. मधमाश्याही पेअरवर फारशा खूश नसतात. त्याच्या मधुरसात साखर कमी, त्यामुळे त्या खालच्या हिरवळीतल्या पिवळ्या डँडेलायनकडे वळतात. बहराच्या आठवड्यात हिरवळ कापून ती पिवळी फुलं उडवायची, हा इथला जुना उपाय आहे. फळ धरायला जवळ दुसऱ्या जातीचं झाड लागतं आणि सेकेलचं बार्टलेटशी जमत नाही. दोघांचे पराग एकमेकांना चालत नाहीत. आमच्याकडे त्यासाठी बॉस्क आहे.

बहरात उबदार पाऊस पडला की फायर ब्लाइटची धास्ती. कोवळा शेंडा एकाएकी मान टाकतो, पानं जळल्यासारखी काळी पडतात आणि तरीही गळत नाहीत. जिवाणूमुळे झाडाला रोग होतो हे पहिल्यांदा दिसलं ते याच रोगात, 1880च्या सुमारास, इलिनॉयच्या थॉमस बरिलला. सेकेल या रोगापुढे बार्टलेटपेक्षा पुष्कळ तग धरतो, पण अगदी सुटत नाही. काळ्या भागाच्या फूटभर खाली, चांगल्या लाकडात कापायचं. आणि प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटने पुसायची. कंटाळवाणं काम आहे, पण न पुसलेल्या कात्रीने आपणच रोग फांदीफांदीवर नेतो.

फळं सुपारीएवढी झाली की विरळणी. सेकेलला सवय अशी, की एका गुच्छात चार-पाच धरतो आणि सगळी खुरटी ठेवतो. एक, फार तर दोन ठेवून बाकीची खुडायची. हाताने हे करणं पहिल्यांदा जिवावर येतं. आई उन्हाळ्यात संगमेश्वरहून आमच्याकडे आली होती, ती खाली उभी राहून बघत होती.

“अगं, लागलेलं फळ कोण तोडतं? वाऱ्याने पडतील ती पडतील.”

“आई, आंब्याचं ते आपोआप होतं. हा सोडत नाही.”

ती काही बोलली नाही, पण खुडलेली फळं तिने टोपलीत गोळा केली. लोणच्याला तुरट लागतात म्हणून शेवटी टाकली.

सप्टेंबरात मात्र तिचा शब्द चालला. तोडायची वेळ रंगावरून नक्की कळत नाही. सालीचा हिरवा जरा मळकट पिवळसर होतो, उन्हाकडच्या गालावर विटकरी छटा गडद होते, एवढंच. खरी परीक्षा देठाची. फळ तळहातात धरून हळूच वर, आडवं करायचं. देठ जिथे फांदीला चिकटलेला असतो तिथून अलगद सुटला तर फळ तयार. ओढावं लागलं तर राहू द्यायचं. ओढलं की देठाबरोबर आखूड, जाडसर फळकाडीही उपटून येते आणि त्याच काडीवर पुढच्या वर्षीची कळी असते. आईला ही खूण दाखवावी लागली नाही. दोन फळं तिने हाताळली आणि शिडीखालून मला सांगू लागली, “ते नको, पलीकडचं.”

“पेंढा कुठे मिळतो इथे? मी अढी लावते.”

बागसामानाच्या दुकानात पेंढ्याचा भारा मिळाला. पण आंब्याची अढी आणि ही अढी यात एक मोठा फरक करावा लागला. आंब्याला ऊब लागते. पेअर फार उष्णतेत नीट पिकतच नाही, नुसता सुरकुततो. आधी काही दिवस फ्रिजमध्ये थंडी द्यायची आणि मग वीस अंशांच्या आसपासची जागा. म्हणून अढी लागली ती तळघरात, लाकडी खोक्यात, पेंढ्यावर फळांचा एकच थर, देठ वर करून. आई रोज सकाळी खाली जाऊन वास घ्यायची. डागी फळ त्याच क्षणी बाहेर, कारण एक फळ कुजायला लागलं की बाकीचीही भराभर उतरतात. फळाच्या पोटावर दाबायचं नाही, देठाशी, मानेवर अंगठा टेकवायचा. तिथे किंचित दबलं की आजच खायचं.

साल जाड, दाताखाली थोडी करकरते. गाभ्याभोवती रवाळ कण लागतात, ते सेकेलला असतातच. गर मधाळ, आणि त्यात दालचिनीसारखा एक मसालेदार वास.

पेनसिल्व्हेनियातल्या घरांतून ही फळं देठासकट अख्खी उकडून व्हिनेगर, साखर, लवंग आणि दालचिनीच्या पाकात मुरवतात. आईने व्हिनेगर ऐकूनच नाक मुरडलं आणि साखरेच्या पाकात मुरांबा घातला, वर वेलची. घरात सगळ्यांना आवडला. माझं मत विचाराल तर वेलचीने फळाचा स्वतःचा वास बुडतो. दोन लवंगा पुरे होत्या, व्हिनेगरही चाललं असतं.