पाटकरी, पंच आणि पाणी : फड पद्धतीचा धडा

गावातील एखादी संस्था चांगली चालली की आपण तिच्या चेअरमनचे कौतुक करतो आणि बिघडली की तिच्या नोकरांस दोष देतो. परंतु तीच माणसे एका व्यवस्थेत चोख काम करतात व दुसऱ्या व्यवस्थेत हयगय करतात, हा अनुभव सर्वत्र येतो. काम कसे होते, हे केवळ काम करणाराच्या स्वभावावर अवलंबून नसते. त्याची नेमणूक कोण करतो, त्याचा मोबदला कोठून येतो, त्याचे काम कोणाच्या डोळ्यांसमोर होते आणि तंट्यात अखेरचा शब्द कोणाचा असतो, यांवर ते फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. धुळे व नाशिक जिल्ह्यांतील फड पद्धत हे याचे उत्तम उदाहरण होय.

फडाची रचना

पांझरा, मोसम व आरम या नद्यांवर काही शतकांपूर्वीपासून एकाखाली एक असे बंधारे बांधण्यात आले. प्रत्येक बंधाऱ्यापासून पाट निघतो व त्याखाली भिजणाऱ्या क्षेत्रास थळ म्हणतात. थळाचे बहुधा तीन किंवा चार फड पाडलेले असतात. एका फडात एका वेळी सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, आणि वर्षागणिक पिकांची फेरपालट करावयाची, असा नियम असतो. एका फडात ऊस असला, तर दुसऱ्यात हंगामी पीक असते. पुष्कळ शेतकऱ्यांची जमीन एकाहून अधिक फडांत विभागलेली असते.

या रचनेचा परिणाम पाणी देणाऱ्याच्या वागणुकीवर होतो. संपूर्ण फडात पीक एकच असल्यामुळे सर्वांची पाण्याची गरज एकाच सुमारास येते. अमक्यास आधी व तमक्यास नंतर असा पक्षपात करण्यास सबब उरत नाही, आणि कोणी तसा केलाच, तर तो शेजारच्या पिकावरून लगेच उघडा पडतो.

नोकर व त्यांची जबाबदारी

फडाच्या व्यवस्थेत पाटकरी, हवालदार व जागल्या हे नोकर असतात. पाटकरी पाणी सोडतो, हवालदार देखरेख करतो आणि जागल्या पिकांची राखण करतो. शेतकऱ्याने आपल्या शेताचे बारे स्वतः उघडावयाचे नाही, ते काम पाटकऱ्याचेच. या नोकरांची नेमणूक बागायतदारच करतात व परंपरेने त्यांचा मोबदलाही बागायतदारांकडूनच धान्यरूपाने मिळत आला. ज्यांची सेवा करावयाची तेच नेमणारे व तेच मोबदला देणारे असल्यामुळे पाटकऱ्याची दृष्टी वरच्या कचेरीकडे न राहता पाटाच्या शेवटच्या शेताकडे राहते.

रीत आणि नेतृत्व

केवळ नियमांनी व्यवस्था चालत नाही, त्यांस रीतीची जोड लागते. पाटातील गाळ काढणे व डागडुजी करणे ही कामे बागायतदार मिळून करतात. ज्याने स्वतः खपून पाट साफ केला, त्याचा हात तो फोडण्यास सहजासहजी उचलत नाही.

नेतृत्वाची खरी कसोटी टंचाईत लागते. पाणी अपुरे असेल, तर सर्वांना थोडे थोडे देऊन सर्वच पिके सुकविण्यापेक्षा एखादा फड त्या वर्षी भिजवावयाचा नाही, असे पंच ठरवितात. हा निर्णय कठोर असतो. परंतु पंच स्वतः बागायतदार असून त्यांचीही जमीन त्या फडात असू शकते, म्हणून लोक तो मानतात. तोशीस स्वतः सोसणाऱ्याच्या शब्दास जे वजन येते, ते केवळ अधिकाराने येत नाही.

अर्थात ही पद्धत निर्दोष नव्हती. कारभार खातेदारांपुरता मर्यादित होता आणि भूमिहीन मजुरांस त्यात मत नसे. आजच्या संस्थांनी हा दोष उचलू नये.

रचना मोडली तेव्हा

पुढे नद्यांच्या वरच्या अंगास धरणे झाली व पाणी सोडण्याची वेळ गावाबाहेर ठरू लागली. विहिरी वाढल्या आणि ज्याने त्याने आपल्या सोयीचे पीक घेण्यास आरंभ केला. एका फडात चार पिके आली की चार वेगवेगळ्या पाळ्या लागतात, आणि मग पाटकऱ्याभोवती ओढाताण सुरू होते. अनेक ठिकाणी फड खिळखिळे झाले, काही ठिकाणी ते टिकून राहिले. गावे तीच व घराणीही तीच. माणसे एकाएकी वाईट झाली नाहीत, त्यांच्या वागणुकीस वळण देणारी रचना मोडली.

ओझरचा अनुभव

रचना नव्याने उभारताही येते. नाशिक जिल्ह्यातील वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेवटाकडे ओझर आहे व तेथे पुरेसे पाणी पोहोचत नसे. १९९० च्या सुमारास समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये व भरत कावळे यांच्या पुढाकाराने तेथील शेतकऱ्यांनी तीन पाणी वापर संस्था स्थापन केल्या. संस्थेने पाणी मोजून घ्यावयाचे, सभासदांत वाटावयाचे व पट्टीही स्वतः वसूल करावयाची, अशी व्यवस्था झाली. पुढे संपूर्ण प्रकल्पावर अशा संस्था उभ्या राहिल्या. महाराष्ट्र शासनाने २००५ मध्ये शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला. व्यवस्थापक समितीत कालव्याचा वरचा, मधला व शेवटचा अशा तिन्ही भागांना सारखे प्रतिनिधित्व देण्याचे तत्त्व त्यात आहे.

संस्था चालविताना ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. पाटकरी असो वा सोसायटीचा सचिव, त्यास एकाच समितीचा हुकूम असावा. प्रत्येक पंचाने त्यास स्वतंत्र आज्ञा देऊ नये.

२. पाळीपत्रक चावडीवर वा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे. सर्वांच्या दृष्टीस पडणारे काम सहसा चुकत नाही.

३. मोबदला ठरल्या वेळी द्यावा. थकलेल्या पगाराचा नोकर खासगी बिदागीकडे वळतो, आणि तेथून पक्षपातास सुरुवात होते.

४. समितीत शेवटच्या भागाचा शेतकरी अवश्य असावा. त्याच्या शेतात पाणी पोहोचले की व्यवस्था चालली असे समजावे.

५. नियमभंगाचा दंड प्रथम पंचाच्या घरापासून लागू व्हावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांकडे पाण्याची तक्रार येते, तेव्हा नोकर बदलण्याची मागणी बहुधा प्रथम होते. ती मान्य करण्यापूर्वी वरील पाच गोष्टींची चौकशी करावी. व्यवस्था तशीच ठेवून माणूस बदलला, तर थोड्याच दिवसांत नवा माणूसही जुन्यासारखाच वागू लागतो, आणि शेवटचे शेत कोरडेच राहते.