मूर्तीची ओळख आणि संगणकीय जुळणी

कुंभकोणमजवळील स्वामीमलै येथे पंचधातूच्या मूर्ती आजही ‘मधूच्छिष्टविधान’ या प्राचीन पद्धतीने घडविल्या जातात. मेणाच्या प्रतिकृतीवर मातीचा लेप देऊन साचा तयार करतात. तो तापविला की मेण वाहून जाते आणि पोकळीत धातूचा रस ओततात. मूर्ती काढण्यासाठी साचा फोडावाच लागतो. त्यामुळे दोन मूर्ती तंतोतंत सारख्या नसतात. पृष्ठभाग हीच मूर्तीची ओळख ठरते.

शेजारच्या अरियलूर जिल्ह्यातील श्रीपुरंतनच्या मंदिरातून चोरीस गेलेला नटराज २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातून परत आला, तो पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेकडील जुन्या छायाचित्रांच्या आधारे. परंतु छायाचित्रात खोलीचे मोजमाप नसते. त्रिमितीय स्कॅनर मात्र पृष्ठभागावरील असंख्य बिंदूंची स्थाने नोंदवितो.

अशा दोन नोंदी जुळविण्याची एक पद्धत बेसल आणि मॅके यांनी १९९२ मध्ये मांडली. एका नोंदीतील प्रत्येक बिंदूसाठी दुसरीतील सर्वांत जवळचा बिंदू शोधायचा, अंतरांच्या वर्गांची बेरीज किमान होईल अशा रीतीने नोंद फिरवून सरकवायची आणि फरक स्थिरावेपर्यंत हेच करीत राहायचे. आरंभीची मांडणी फारच चुकीची असल्यास मात्र जुळणी भलतीकडे अडकते. मेंदूची सीटी आणि एमआरआय चित्रे एकमेकांवर बसवितानाही प्रश्न हाच असतो.

गणित सिद्ध आहे. परंतु पहिली नोंद चोरीपूर्वीच व्हावयास हवी. तीच नसेल, तर जुळवायचे कशाशी?