होली स्पिरिट चर्च, मडगाव
गोव्यातील एक जुने रोमन कॅथलिक पॅरिश चर्च. पवित्र आत्म्यास अर्पण केलेले हे चर्च मडगावच्या जुन्या भागातील प्रशस्त चौकात उभे आहे. साष्टी प्रदेश १५४३ मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात आला व १५६० पासून तेथील धर्मप्रसाराचे कार्य जेझुइट संघाकडे सोपविण्यात आले. मडगावचे ग्रामदैवत दामोदर याचे देऊळ पाडून त्या जागी १५६५ च्या सुमारास पहिले चर्च बांधण्यात आले. दैवत भाविकांनी तत्पूर्वीच पोर्तुगीज हद्दीबाहेर, कुशावती नदीकाठच्या जांबावली येथे हलविले होते. देवळांच्या जमिनींचे उत्पन्न पुढे चर्च व जेझुइटांच्या संस्थांकडे वळविण्यात आले.

सीमेवरील या प्रदेशात चर्चला स्थैर्य लाभण्यास बराच काळ लागला. आदिलशाही फौजांच्या हल्ल्यांत जुनी इमारत उद्‌ध्वस्त झाली. मडगाव येथे स्थापन झालेले जेझुइटांचे विद्यालयही राचोलच्या किल्ल्याच्या आश्रयाला न्यावे लागले. सध्याची इमारत १६७५ मधील आहे. १७५९ मध्ये पोर्तुगीज राज्यातून जेझुइटांची हकालपट्टी झाल्यानंतर चर्चचा कारभार धर्मप्रांतीय पाद्र्यांकडे आला. १७७८ मध्ये मडगावला नगराचा दर्जा मिळाला.

गोव्यातील बरोक वास्तुशैलीचा हा एक उत्तम नमुना मानला जातो. चुन्याने रंगविलेल्या शुभ्र दर्शनी भागाच्या दोन्ही बाजूंस मनोरे असून त्यांवर घुमट व कंदिलाच्या आकाराचे कळस आहेत. आतील मुख्य वेदीमागील सोनेरी मुलाम्याची लाकडी मखर आणि कोरीव व्यासपीठ प्रेक्षणीय आहेत. समोरच्या चौकात उंच, अलंकृत क्रूस असून सभोवती जुन्या वाड्यांची रांग आहे.

ईस्टरनंतरच्या सातव्या रविवारी येणारा पेंटेकोस्ट हा या चर्चचा मुख्य सण. तो पावसाळ्याच्या तोंडावर येत असल्याने त्यास जोडून मोठी जत्रा भरू लागली. मिरची, कांदे, कोकम, मीठ, सुकी मासळी इ. जिन्नसांची चार महिन्यांची बेगमी लोक येथे करीत. ‘प्रोव्हिमेंतु’ (तरतूद) या पोर्तुगीज शब्दावरून बेगमीला कोकणीत ‘पुरुमेंत’ म्हणतात. म्हणून या जत्रेस ‘पुरुमेंताचें फेस्त’ हे नाव पडले. धान्य व मासळी बारमाही मिळू लागल्यामुळे साठवणीची निकड कमी झाली, तरी जत्रेची परंपरा टिकून आहे. खरेदीसाठी सर्व धर्मांचे लोक तेथे येतात.

देऊळ गेले, तरी मडगावकरांचा दामोदराशी असलेला संबंध तुटला नाही. शिमग्याच्या सुमारास जांबावली येथे होणाऱ्या गुलालोत्सवास ते दरवर्षी मोठ्या संख्येने जातात. दामोदराविषयी काही ख्रिस्ती कुटुंबांतही श्रद्धा आढळते. त्यामुळे या चर्चचा इतिहास केवळ एका इमारतीचा वा एका धर्मसमूहाचा राहत नाही. सक्तीने झालेले स्थित्यंतर आणि त्यानंतरही टिकलेले सामाजिक ऋणानुबंध या दोहोंची नोंद त्यात आढळते.