हिरव्या बोकडाचे देऊळ

देवळाला देवाचे नाव असावे, निदान गावाचे तरी, अशी आपली समजूत असते. चीनच्या सिचुआन प्रांतातील चेंगडू शहरी ताओपंथाचे एक पुरातन मंदिर आहे. त्याचे नाव मात्र एका जनावरावरून पडले आहे. चिंग-यांग-कुंग. ‘कुंग’ म्हणजे प्रासाद. ‘यांग’ या एकाच शब्दात चिनी माणूस शेळीही बसवतो आणि मेंढीही. ‘चिंग’ म्हणजे हिरवा, निळा की काळसर, हे संदर्भाने ठरवायचे. विठोबाला सावळा म्हणताना त्यातली नेमकी छटा कोणती, हे आपण तरी कुठे विचारतो? तेव्हा ‘हिरव्या बोकडाचा प्रासाद’ असे म्हणून पुढे जाऊ.

कथा अशी सांगतात. जगाला विटून लाओ-त्से पश्चिमेकडे निघाला. खिंडीतल्या नाक्यावर यिन-शी नावाच्या अधिकाऱ्याने त्याला अडवले आणि काही लिहून दिल्यावाचून जाऊ देईना. तेव्हा त्याने सुमारे पाच हजार अक्षरांचा ‘ताओ-ते-चिंग’ लिहून दिला, आणि निघताना सांगितले, हजार दिवस साधना कर, मग चेंगडूच्या हिरव्या बोकडाच्या बाजारात मला शोध. यिन-शी गेला. बाजारात एक पोरगा हिरवे बोकड ओढीत चालला होता. त्याच्या मागोमाग जाता गुरूची भेट झाली.

लाओ-त्से होऊन गेला की नाही, याविषयीच पंडितांत एकमत नाही. मग बोकडाची साक्ष कोण काढणार? पण ही कथा मंदिराच्या नावात पक्की केव्हा झाली, ते पाहण्यासारखे आहे. ८८१ च्या आरंभी ह्वांग चाओच्या बंडखोरांनी तांग घराण्याची राजधानी चांग-आन घेतली. विशीही न गाठलेला सम्राट शी-त्सुंग पळाला, तो चेंगडूला आला. तांग राजांचे आडनाव ली, लाओ-त्सेचेही ली. म्हणून ते त्याला आपला मूळपुरुष मानीत. ८८३ मध्ये या मंदिराच्या जागी एक वीट सापडली म्हणतात. तिच्यावर सहा अक्षरे होती. अर्थ असा की, चुंग-होचे संकट महाप्रभू लाओ-त्से निवारील. ‘चुंग-हो’ हे चालू राजवटीच्या शकाचेच नाव! वीट फारच वेळेवर सापडली, असे आम्हांला वाटते. राज्य गमावलेल्या पोराला पूर्वजाचा आधार हवा होता, आणि दरबाऱ्यांना धीर द्यायचा होता. सम्राटाने आनंदाने मंदिराला आजचे नाव दिले. त्याच वर्षी राजधानी परत मिळाली आणि ८८५ मध्ये तो तेथे परतला. राज्य मात्र सावरले नाही. ९०७ मध्ये तांग घराणे संपले.

नाव राहिले. आजच्या इमारती बहुतेक सतराव्या शतकात व त्यानंतर उभ्या राहिलेल्या. मुख्य दालनात पितळी बोकडांची जोडी आहे. दोन शिंगांचे १८२९ साली ओतलेले; एका शिंगाचे १७२३ साली एका अधिकाऱ्याने बीजिंगहून आणून दिलेले. त्या एकशिंग्याची गंमत निराळीच. कान उंदराचे, नाक बैलाचे, पंजे वाघाचे, शेपूट सापाचे, आणि बोकडाची म्हणावी ती दाढी तेवढी! चिनी वर्षचक्रातले बाराही प्राणी त्यात दडलेले आहेत. दुसऱ्या चांद्रमासाच्या पौर्णिमेला, लाओ-त्सेच्या जन्मदिनी, ऐन वसंतात येथे फुलांची जत्रा भरण्याची जुनी चाल आहे. आपले जिथे दुखते, तिथेच बोकडाच्या अंगाला हात लावला की दुखणे जाते, अशी लोकांची श्रद्धा. हात फिरून फिरून दोन्ही बोकडे गुळगुळीत चकचकीत झाली आहेत.