एक आडनाव आणि १०७ कोटी पूर्वज

सोयाबीनचा हंगाम भरात असला की परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या बाजार समितीत एकाच आडतीवर सकाळपासून चार-पाच जाधवांचा माल काट्यावर चढतो. हिशोबपट्टी लिहिताना मुनीम विचारतो, ‘कोणते जाधव?’ मग नाव, वडलांचं नाव, गाव. मराठवाड्यात बालाजी, मारोती, ज्ञानेश्वर, गंगाधर ही नावं घरोघर. त्यामुळं कधी नाव जुळतं, वडलांचं नाव जुळतं, गावही एकच निघतं. ‘वाड्यातले का मळ्यातले’ इथवर चौकशी गेली म्हणजे पट्टी योग्य माणसाच्या हातात पडते.

हाच प्रश्न या जिल्ह्यात थेट दिल्लीपर्यंत जातो. ताडकळसचा समावेश असलेल्या परभणी लोकसभा मतदारसंघात १९९६ ते २०२४ या काळात आठ निवडणुका झाल्या आणि त्यांतल्या पाच जाधवांनी जिंकल्या. १९९६ आणि १९९९ला सुरेश जाधव, २०१४, २०१९ आणि २०२४ला संजय जाधव. उरलेल्या तीनपैकी दोन निवडणुका गावावरून आडनाव घेतलेल्यांच्या वाट्याला गेल्या. १९९८ला वरपुडकर, २००९ला दुधगावकर. वरपूड आणि दुधगाव, दोन्ही याच जिल्ह्यातली. राज्याचं मुख्यमंत्रिपद मात्र जाधवांना अजून हुलकावणी देतं आहे. प्रभारी सोडले तर १९६० पासून १९ जण त्या खुर्चीवर बसले. त्यांत चार चव्हाण, दोघं कराडचे आणि दोघं शेजारच्या नांदेडचे. जाधव एकही नाही.

जनगणना आडनावं मोजत नाही. तरी अंदाजासाठी एक हिशोब मांडून पाहू. शंभर माणसांत एक जाधव धरला, तर २०११च्या जनगणनेतल्या महाराष्ट्राच्या ११,२३,७४,३३३ लोकसंख्येत ११ लाख २३ हजारांहून जास्त जाधव निघतील. परभणी जिल्ह्याची तेव्हाची लोकसंख्या होती १८,३६,०८६. म्हणजे निम्म्याहून अधिक जिल्हा नुसत्या जाधवांनी भरेल. परभणीच्या स्टँडवरून पन्नास प्रवासी घेऊन सुटणाऱ्या दहा एसट्या पाहिल्या, तर त्यांतल्या साधारण चार गाड्यांत किमान एक जाधव बसलेला असेल. गृहीत धरलेला आकडा एवढा साधा, आणि त्यातून उभी राहणारी माणसांची संख्या एवढी अफाट.

एवढ्या मोठ्या मेळ्यात नामवंत निघणारच. पण ते कुठून कुठून निघाले हे पाहिलं की डोकं चक्रावतं. सिंदखेडराजाचे लखुजी जाधवराव निजामशाहीतले मातब्बर सरदार. हे घराणं आपलं मूळ देवगिरीच्या यादवांपर्यंत नेतं. २५ जुलै १६२९ रोजी लखुजी दौलताबादच्या दरबारात गेले आणि तिथं दगा झाला. लखुजी, अचलोजी आणि राघोजी हे दोन मुलगे, नातू यशवंतराव, एकाच दिवशी एकाच घराच्या तीन पिढ्या कापल्या गेल्या. दौलताबाद म्हणजेच देवगिरी. ज्या किल्ल्याला हे घराणं आपलं मूळ मानत होतं तिथंच त्याचा शेवट होता होता राहिला. मागं उरलेल्या शाखा वाढल्या. पुढं याच घराण्यातून सेनापती धनाजी जाधव आले.

आता कराडजवळचं गोळेश्वर. तिथले खाशाबा जाधव १९५२ला हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक जिंकून आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जायला पैसे नव्हते तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्यानंतर दुसरं वैयक्तिक पदक यायला देशाला ४४ वर्षं लागली. १९९६ला लिअँडर पेस. आणि खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यांच्या मृत्यूनंतर. ही गोष्ट आजही मनाला लागते.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६चा. १५ जानेवारी २०१७ला पुण्यात इंग्लंडविरुद्ध दुसऱ्या एका जाधवानं, केदारनं, ७६ चेंडूंत १२० धावा कुटल्या. कुणाला यात दैवी योग दिसेल, पण अशा जुळण्या वाटतात त्यापेक्षा फार स्वस्त असतात. अनोळखी माणसं फक्त २३ जमवा. त्यांतल्या कुणा दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त भरते. आडनाव लाखोंचं असेल तर तारखा जुळायच्या थांबणार कशा?

नाशिक जिल्ह्यातल्या ओझरहून मुंबईला आलेल्या दलित कुटुंबातले नरेंद्र जाधव पुढं रिझर्व्ह बँकेत अर्थतज्ज्ञ झाले, पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ‘आमचा बाप आन् आम्ही’ हे त्यांच्या घराचं पुस्तक मराठी घराघरांत गेलं. बंजारा तांड्यांवर जा. राठोड, पवार, चव्हाण यांच्या बरोबरीनं जाधव तिथंही मोठी संख्या धरून आहेत, आणि त्यांचं गोत गोरबोलीत वेगळंच सांगितलं जातं. धनगर, कोळी, वडार, कैकाडी, जाधव कुठं नाहीत? सिंदखेडचे जाधवराव, गोळेश्वरचे पैलवान, ओझरचे अर्थतज्ज्ञ आणि तांड्यावरचा ऊसतोड कामगार एका मूळपुरुषाचे वंशज आहेत, असं कुणीही जाणता माणूस म्हणणार नाही.

मग आडनाव नक्की किती नातं सांगतं? उत्तर गणितात आहे आणि ते चक्रावून टाकणारं आहे.

प्रत्येकाला आई-वडील दोन, आजी-आजोबा चार, पणजोबा-पणज्या आठ. दहा पिढ्या मागं गेलं की १,०२४. वीस पिढ्यांवर १०,४८,५७६. पंचवीस वर्षांची एक पिढी धरली तर तीस पिढ्या म्हणजे ७५० वर्षं, म्हणजे देवगिरीवर रामदेवराव यादव राज्य करत होता तो काळ. त्या पिढीतल्या आपल्या पूर्वजांची पंगत बसवून पानं मांडायची झाली तर ती होतात १,०७,३७,४१,८२४. एकशे सात कोटी! आणि त्या काळी अख्ख्या जगाची लोकसंख्या होती चाळीस कोटींच्या आसपास.

पानं जास्त, माणसं कमी. म्हणजे एकच माणूस हजारो पानांवर बसलेला आहे. आपल्याकडं तर हे फार लवकर सुरू होतं. मामाच्या मुलीशी लग्न झालं की त्या जोडप्याच्या लेकराला पणजोबा-पणज्या आठऐवजी सहाच उरतात, कारण नवरा-बायकोचे एकेका बाजूचे आजी-आजोबा एकच असतात. मराठवाड्यात अशी लग्नं पिढ्यान् पिढ्या होत आली.

आता त्या एकशे सात कोटी पानांवर आडनाव शोधा. आडनाव येतं बापाकडून, बापाला त्याच्या बापाकडून. ती वाट प्रत्येक पिढीत एकाच माणसावरून जाते. म्हणजे १०७ कोटींत जाधवपण ज्यानं दिलं त्याचं पान फक्त एक. बाकीची पानं शिंद्यांची, कदमांची, मोऱ्यांची, आणि ज्यांची आडनावं आज कुणालाच माहीत नाहीत अशांची. त्यांतली निम्मी बायकांची. आपल्या कुळीत सोयरिक करायची नाही हा नियम पाळला गेला असेल, तर कुणाही जाधवाची आई माहेरची जाधव नाही, वडलांची आई नाही, आजोबांची आईही नाही.

आडनाव बापाकडूनच येतं, या नियमाचं सगळ्यांत मोठं उदाहरण आपल्या इतिहासातच आहे. लखुजी जाधवांची लेक जिजाबाई. तिचा मुलगा शिवाजी. जाधवांच्या रक्ताचा सर्वांत थोर पुरुष जाधवांच्या वंशावळीत मुलीच्या नावापुढं संपतो, आणि भोसल्यांच्या वंशावळीत झळकतो.

एक आडनाव एवढं फैलावतं कसं आणि दुसरं मरतं कसं, हा प्रश्न फ्रान्सिस गाल्टननं १८७३ला लंडनच्या ‘एज्युकेशनल टाइम्स’मध्ये विचारला. उत्तर शोधायला हेन्री वॉटसन हा गणिती पाद्री पुढं आला आणि १८७४ला दोघांचा निबंध निघाला. तो हिशोब आपल्या भाषेत असा. एक हजार माणसं घ्या, प्रत्येकाचं आडनाव वेगळं. सरासरी प्रत्येकाला जगणारा एक मुलगा. पण नशिबानं कुणाला तीन, कुणाला एक, कुणाला एकही नाही. एका पिढीत ३६८ आडनावं गेली, ६३२ उरली. पाच पिढ्यांनी उरली २६८, दहा पिढ्यांनी १५८. रामदेवरावाच्या काळापासून आजपर्यंतच्या तीस पिढ्यांत उरतील जेमतेम साठ. पुरुष तेव्हाही हजार, आताही हजार, पण हजार आडनावांच्या जागी साठ. लढाई नाही, रोगराई नाही, कुणाचा दोष नाही. केवळ मुलगा झाला का नाही एवढ्यावर ९४० घराणी नावानं पुसली गेली. त्यांच्या मुली मात्र नांदायला गेल्या होत्या, त्यांचं रक्त इतर साठांत जिवंतच आहे.

टेलिफोनच्या गणितासाठी जगभर ओळखला जाणारा डेन्मार्कचा एर्लांग याच कोड्यात अडकला होता. त्याच्या आईचं घराणं क्रारुप, नावाजलेलं पण नावानं विझत चाललेलं. १९२९ला एर्लांग वारला, तोही निपुत्रिक.

जगात हा फैलाव कुठवर गेला आहे ते पाहा. चीनमध्ये वांग आणि ली ही दोन आडनावं लावणारे प्रत्येकी दहा कोटींच्या घरात आहेत, म्हणजे जवळपास अख्ख्या महाराष्ट्राइतके. दक्षिण कोरियात पाचांत एक माणूस किम. तिथं आडनाव आणि मूळगाव दोन्ही एक असलेल्यांच्या लग्नाला कायद्यानंच बंदी होती. १९९७ला तिथल्या संवैधानिक न्यायालयानं ती घटनाबाह्य ठरवली. आपली कुळी-देवकाची गोष्ट तिथं कायद्याच्या पुस्तकात होती. जपानमध्ये लग्नानंतर नवरा-बायकोला एकच आडनाव लावावं लागतं. तोहोकू विद्यापीठाचे प्राध्यापक हिरोशी योशिदा यांनी २०२४ला हिशोब मांडला की कायदा असाच राहिला तर २५३१ साली सगळे जपानी ‘सातो’ होतील. कन्फ्यूशियसच्या कुंग घराण्याची वंशावळ २००९ला ८० खंडांत निघाली. ८० हून अधिक पिढ्या, २० लाखांवर नावं. अडीच हजार वर्षांच्या त्या वंशावळीत बायकांची नावं पहिल्यांदा आली ती या आवृत्तीत.

मराठवाड्यालाही वंशावळीची किंमत २०२३ला कळली. मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीनं निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला घेतल्या आणि मोडी-उर्दूतली दप्तरं बाहेर आली. खापर पणजोबाचं नाव काय, ते कोणत्या गावचे, हे विचारायला लोक म्हाताऱ्यांकडं, तलाठ्याकडं, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडं धावले. उपाध्यांच्या चोपड्यांत गाव आणि आडनाव सांगितलं की आजोबांची सही निघते. ही सगळी धावपळ १०७ कोटींतल्या त्या एका वाटेसाठी होती. कायद्याला तीच वाट लागते, हे खरं. पण आपण घरात बसून वंशावळ लिहितो तेव्हाही तीच एक वाट लिहितो, हे मला पटत नाही.

जातीची भिंत मधे आहे, म्हणून पूर्वज मिसळले नसतील असं कुणी म्हणेल. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या आणि हार्वर्डच्या संशोधकांनी २०१३ला दाखवलं की सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी या देशातले समूह एकमेकांत सर्रास मिसळत होते. बेटीबंदी त्यानंतर घट्ट झाली. तीस पिढ्यांच्या खूप पलीकडं, त्या काळापर्यंत मागं गेलं की सगळ्यांच्या पंगतीत तीच माणसं बसलेली सापडतात. ‘कोणते जाधव?’ या प्रश्नाला त्या टोकाला काही अर्थ उरत नाही. तिथं आपण सगळेच थोडे थोडे जाधव आणि थोडे थोडे बाकी सगळे.

तेव्हा घरात ऐंशीच्या पुढचं कुणी माणूस असेल तर या दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. आई-वडील दोन, आजी-आजोबा चार, पणजोबा-पणज्या आठ अशी फक्त चौदा नावं लिहा. आणि त्यांतल्या सात बायकांच्या नावापुढं सासरच्या आडनावाबरोबर त्यांच्या माहेरचं आडनाव आणि माहेरचं गावही लिहून ठेवा.